भाऊंच्या बरण्या आणि माझे ऑक्टोपस

प्रदर्शनात माझ्या कामासमोर उभं राहून लोक पहिला प्रश्न विचारतात तो हाच, की ताई, तुम्ही कोकणातल्या का? मी म्हणते, नाही, अकोल्याची. मग ते एकदा माझ्याकडे बघतात, एकदा त्या चिनी मातीच्या ऑक्टोपसकडे बघतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलेलं दिसतं, की बाई काहीतरी लपवून राहिली. अकोल्यात ऊन असतं, कापूस असतो, मिरच्या असतात. समुद्र कुठून आला? आता एवढं सगळं सांगत बसायला माझ्याकडे वेळ नसतो आणि ऐकायला त्यांच्याकडे. मी म्हणते, आमच्या घरी होता समुद्र, स्वयंपाकघरात, लोणच्याच्या शेजारी. लोक हसतात. त्यांना वाटतं म्हातारी गमतीची आहे. पण ती गंमत नाही, अगदी खरं आहे, म्हणून इथे एकदाचं लिहून ठेवते.

भाऊ म्हणजे माझे वडील. त्यांचे धाकटे भाऊ-बहिणी त्यांना भाऊ म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले आणि कोणी टोकलं नाही. शेंदूरजनाघाटच्या संत्रावाल्या माळ्यांच्या घरात जन्मलेला हा माणूस झाडावर चढायचं सोडून पुस्तकं वाचत बसला, आणि शिकता शिकता अकोल्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्यांच्या ताब्यात कॉलेजचं संग्रहालय होतं. संग्रहालय म्हणजे काय, तर पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली आणि तिच्यात कपाटंच्या कपाटं काचेच्या बरण्या. ऑक्टोपस, तारामासा, समुद्रफूल, समुद्रकाकडी, जेलीफिश, घोड्याच्या तोंडाचा तो एवढासा मासा, सगळे फॉर्मॅलिनच्या पाण्यात, एकेका काचपट्टीला पांढऱ्या दोऱ्यानं बांधून उभे केलेले. एप्रिल उजाडला की त्या पत्र्याखाली बरण्यांतलं पाणी उडायला लागायचं आणि प्राण्यांचं डोकं उघडं पडायचं. भाऊंचा जीव खालीवर व्हायचा. मग प्राचार्यांची परवानगी काढून ते त्यातल्या नाजूक बरण्या सायकलरिक्षात मांडीवर धरून घरी आणायचे आणि शाळा-कॉलेजं उघडेपर्यंत त्या आमच्या स्वयंपाकघरात राहायच्या, कारण घरात तीच खोली गार होती. शेणानं सारवलेली जमीन, खिडकीला ओलं पोतं, कोपऱ्यात माठ. माठाच्या शेजारी ऑक्टोपस.

मायचा याला दरवर्षी विरोध असायचा आणि दरवर्षी ती हरायची. "मेलेली जितराबं घरात ठिवते आन् मले म्हणते आंघोळ झाल्याशिवाय चुलीकडे जाऊ नोको," असं ती मुद्दाम भाऊंना ऐकू जाईल असं बोलायची. पण पोतं ओलं करायला विसरायची नाही. दुपारी पलीकडच्या जिनिंगचा भोंगा झाला की ती बादली घेऊन उठायची आणि पोत्यावर पाणी मारता मारता बरण्यांवरची धूळही पदरानं पुसायची. एकदा शेंदूरजन्याहून आलेल्या काकूंनी समुद्रकाकडीची बरणी पाहिली आणि त्यांना वाटलं मुरलेलं लोणचं आहे. न विचारता त्या झाकणाचं मेण नखानं उकरत बसल्या. झाकण निघालं आणि त्या वासानं काकू अंगणात जाऊन ज्या बसल्या त्या संध्याकाळच्या भरीत-भाकरीलाही आत आल्या नाहीत. मायला त्या दिवशी फार आनंद झाला होता. काकूंचं आणि तिचं कधी पटलं नाही.

मी त्या बरण्यांसमोर पोटावर पडून मोठी झाले. बाकीच्या पोट्ट्या भातुकली खेळत, मी ऑक्टोपसच्या हाताखालच्या वाट्या मोजत असे. भाऊ जवळ बसून सांगत, की हा प्राणी रागावला की रंग बदलतो, या तारामाशाचा तुटलेला हात पुन्हा उगवतो, समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि ओहोटीला खडकांत पाणी साचून राहतं, त्यात ही समुद्रफुलं राहतात. सांगताना त्यांचे दोन्ही हात लाटेसारखे वर यायचे. कॉलेजातही ते असेच शिकवत, आणि पोरं म्हणत की सरांच्या तासाला पाय ओले होतात. पोरांमध्ये अशीही एक गोष्ट होती की सरांचं लहानपण रत्नागिरीला गेलं. ती कोणी सुरू केली देव जाणे. भाऊंनी ती कधी खरी आहे म्हटलं नाही. खोटी आहे असंही कधी म्हटलं नाही.

कारण भाऊंनी समुद्र पाहिलेलाच नव्हता.

हे आमच्या घरातलं एकुलतं एक गुपित. मला, मायला आणि अमरावतीच्या आत्याला तेवढं माहीत होतं. विद्यार्थी असताना त्यांच्या वर्गाची सहल किनाऱ्यावर गेली तेव्हा आजोबा वारले होते आणि बागेतला बहार उतरवायचा होता. नोकरी लागल्यावर सहली वरिष्ठ नेत असत. पुढे वरिष्ठ निवृत्त झाले आणि पाळी यांची आली, तर यांना एसटी लागायची. अमरावतीला जातानाही मूर्तिजापूर येईपर्यंत तोंड पांढरं. पण ही सगळी लोकांना सांगायची कारणं. खरं कारण मला थोडी मोठी झाल्यावर कळलं, म्हणजे मायनंच सांगितलं. इतकी वर्षं पोरांना समुद्र शिकवल्यावर त्याच पोरांसोबत तिथे जायचं आणि पाण्यात पाय कुठे ठेवायचा ते आपल्याला कळू नये, याची त्यांना धास्ती होती. म्हणून दरवर्षी सहलीच्या वेळी त्यांना काहीतरी व्हायचं. कधी दाढ, कधी पाठ. माणूस किती हुशार असला तरी एका जागी तो पोरासारखा भित्रा असतो. माझा असा एकही ओळखीचा माणूस नाही ज्याची ती जागा मला सापडली नाही.

बारावीनंतर मी हट्टानं अमरावतीला चित्रकलेच्या कॉलेजात गेले आणि आत्याकडे राहिले. आत्याचं देवीच्या देवळाजवळ हार-फुलांचं दुकान. घर म्हणजे फुलांचं गोदाम, बसायला चटई टाकायची तर आधी झेंडूचा ढीग सारायचा. पहाटे अचलपूर-परतवाड्याकडची फुलं यायची, तेव्हापासून आत्याच्या तोंडाचा आणि सुईचा पट्टा सोबतच सुरू व्हायचा. शेवंती महाग झाली इथपासून ते माझं लग्न कधी व्हायचं इथपर्यंत ती हाराच्या एका पदरात येऊन जायची. तिच्या हातचे फुणके, म्हणजे डाळ वाटून वाफवलेले मुटके, आणि कढी मला आजही आठवते. कितीदा करून पाहिलं, तसं होत नाही. माझ्या हातचे फुणके दगड होतात, आणि मी मातीचं काम करणारी बाई असल्यामुळे घरातले लोक त्यावर बोलायची संधी सोडत नाहीत.

कॉलेजात मातीकामाचा एक विषय होता आणि मागच्या शेडमध्ये विजेची एक भट्टी. चिनी मातीच्या पोत्यात मी हात घातला त्या दिवशीच माझं ठरलं. बाकीच्या मुली फुलदाण्या आणि गणपती करत, मी ऑक्टोपस केला. कोणी समोर ठेवायची गरज नव्हती, मला तो डोळे मिटून येत होता. पहिला भट्टीतच फुटला, कारण पोट आतून पोकळ करायचं असतं हे मी ऐकलंच नव्हतं. आत ओल राहिली आणि त्यानं शेजारचे दोन गणपतीही सोबत नेले. त्या मुली माझ्याशी बरेच दिवस बोलल्या नाहीत. दुसरा नीट निघाला. मग मी थांबलेच नाही. जेलीफिशच्या दशा हातानं सारख्या येईनात, तेव्हा मी आत्याचा चकलीचा सोऱ्या नेला आणि त्यातून माती काढली, झकास आल्या. दिवाळीत आत्यानं सोऱ्या शोधला तेव्हा माझी जी पूजा झाली ती सगळ्या गल्लीनं ऐकली. तारामाशाच्या पाठीवरचा खडबडीतपणा मी ज्वारीचे दाणे दाबून केला. भट्टीत दाणे जळून जायचे आणि खळगे उरायचे.

रंगावरून मातीकामाच्या सरांशी माझं भांडण झालं. ते म्हणाले, समुद्रातले प्राणी आहेत, निळा, जांभळा, लाल असं काही ग्लेझ लाव. मी म्हटलं, सर, ऑक्टोपस निळा नसतो, मी पाहिलेला आहे. आणि मी महिनाभर खपून तो बरणीतला रंग काढला, ताकासारखा पांढरट आणि कडेनं थोडा पिवळा. त्या रंगाचा मला इतका गर्व होता की विचारू नका. प्रत्येक प्राण्यामागे मी मातीची पट्टी उभी केली आणि त्याला मातीच्याच बारीक दोऱ्यानं दोन जागी बांधलं. मागे छोटीशी गाठसुद्धा दिली. आत्या बघून म्हणाली, बिचारा कोणत्या गुन्ह्यात सापडला व? मी तिला म्हटलं, तुला काही समजत नाही, ते असेच असतात.

हिवाळ्याच्या सुट्टीत मी पाच-सहा प्राणी अकोल्याला नेले. शेंदूरजन्याहून संत्र्यांच्या लाकडी पेट्या यायच्या, त्यातल्याच एकीत भाताचं तणस भरलं, तणसात एकेक प्राणी बसवला आणि एसटीत ती पेटी मांडीवर घेऊन बसले. संत्र्याला धक्का लागू नये म्हणून आमचे लोक जी पेटी भरतात तिच्यात काहीही फुटत नाही. भाऊंनी तणस बाजूला केलं आणि ऑक्टोपस दोन्ही हातांनी उचलला. वाट्यांवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "दोरा काहून केला?" मी म्हटलं, नाही तर तो पडन ना. ते नुसते हसले. आज मला कळतं की दोरा बरणीतला आहे, प्राण्याचा नाही, हे त्यांना माहीत होतं. माझं तोंड पाहून त्यांनी तो राहू दिला.

त्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, की बरण्यांमधले प्राणी आता विरघळायला लागलेत. नवे मागवले तर येत नाहीत. तू अख्खा संच करून देशील का? पोरांना हातात घेऊन पाहता येईल. मला आठवत नाही की त्याआधी भाऊंनी माझ्याकडे कधी काही मागितलं होतं. मी अमरावतीला परत गेले आणि वर्षभर दुसरं काही केलंच नाही. बोटांना भेगा पडल्या, आत्या त्यांना रात्रीच्या भाकरीवरचं तूप लावायची आणि बोलायची. संच तयार झाला तेव्हा पुढच्या फेब्रुवारीतलं भाऊंच्या कॉलेजचं संमेलन जवळ आलं होतं. भाऊंनी ठरवलं, की प्रयोगशाळेत याचंच प्रदर्शन मांडायचं.

त्या दिवशी सगळे आले. लांब टेबलावर मायनं ठेवणीतली पांढरी चादर अंथरली, आत्यानं अमरावतीहून झेंडूची तोरणं आणली आणि मी नको नको म्हणताना टेबलाच्या चारी बाजूंनी बांधली. भाऊंनी लग्नातला कोट घातला होता, त्याची बटणं लागत नव्हती. पोरं, पालक, इतर प्राध्यापक, अशी गर्दी झाली. भाऊ एकेका प्राण्यापाशी उभे राहून सांगत होते आणि प्रत्येकाला शेवटी म्हणत, ही माझी मुलगी, हिनं केलं. मी लाजून भिंतीला चिकटले होते, पण आतून फुगून टम्म. प्राचार्यही आले, आणि त्यांच्यासोबत सुर्वे मॅडम.

सुर्वे मॅडम भाऊंच्याच विभागात त्या वर्षी नव्या लागल्या होत्या. किनाऱ्यावरच्या गावच्या, पंचविशीतल्या, एकट्या एक खोली घेऊन राहायच्या. त्या टेबलाजवळ आल्या, वाकल्या आणि खुदकन हसल्या. वाईट हसू नव्हतं ते, आता मला माहीत आहे. पण तेव्हा माझ्या कानात कोणी काडी घातल्यासारखं झालं. त्या म्हणाल्या, "अय्या, दोरासुद्धा केलाय!" पोरं हसली. भाऊही हसले. तिथवर ठीक होतं. मग त्यांनी समुद्रफूल उचललं. माझं समुद्रफूल म्हणजे मिटलेली मूठ होती, कारण बरणीत ते तसंच होतं. त्या ते फिरवून फिरवून बघत राहिल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पण हे सगळे मेलेले आहेत गं. जिवंतपणी एकही असा दिसत नाही. तुला कोणी सांगितलं नाही का?"

माझे डोळे भरून आले आणि राग तर असा आला की त्या बाईच्या हातातून ते फूल हिसकावून घ्यावं. प्राचार्यांना वाटलं आपण सावरून घ्यावं. ते मोठ्यानं म्हणाले, की पोरीचा हौसेचा खेळ आहे, तिनं मनानं केलं असेल, आता हे काढा आणि मूळ बरण्या मांडा. आणि उघडलेलं फूल कसं दिसतं ते आमचे सर सांगतील ना, यांच्याइतका समुद्र इथे कोणी पाहिलाय? सगळी गर्दी भाऊंकडे वळली. पोरं पुढे सरकली, आता सरांचे हात वर येणार म्हणून.

भाऊंना सांगता आलं असतं. पुस्तकात होतं सगळं, त्यांना पाठ होतं. कोणाला काही कळलंही नसतं. पोरीचं काम टेबलावरून निघालं असतं आणि सरांची लाट वर आली असती. मी मायकडे पाहिलं, मायनं पदर तोंडाशी धरला होता.

भाऊ म्हणाले, "काढू नका. पोरीनं मनानं नाही केलं. मी दाखवलं ते केलं तिनं." त्यांनी कोटाचं बटण ओढून पाहिलं. "अन् मी समुद्र पाह्यला नाही. कधीच नाही पाह्यला. बरणीतच पाह्यला."

कॉलेजात ते पुस्तकी मराठी बोलत, ते त्या वेळी घरातलं बोलले. एका पालकानं खोकून दाखवलं. प्राचार्य घड्याळाकडे बघत बाहेर गेले, आणि सुर्वे मॅडम ते फूल हातात तसंच धरून उभ्या राहिल्या, खाली ठेवावं हे त्यांना सुचेना.

घरी येताना रस्ताभर आत्या एकटी बोलत होती. समुद्र नाही पाह्यला म्हणून काय फाशी देतात का, मी तरी कुठं विमान पाह्यलं, असं बरंच काही. मायनं कढी-गोळे केले, भाऊंना आवडतात म्हणून. ते पानावर बसले आणि भाकरीचा तुकडा कढीत बुडवून तसेच राहिले. मग हात धुतला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. मायला म्हणाले, कॉलेजात निरोप पाठव, मले बरं नाही. ज्या माणसानं तापातही तास बुडवला नाही त्याला पोरांसमोर उभं राहायचं भ्या वाटून राहिलं होतं, हे माझ्यानं बघवेना. मायनं निरोप काही पाठवला नाही. मी दोन रिकाम्या संत्रापेट्या उचलल्या आणि म्हटलं, मी जाते, ते सगळं घेऊन येते आणि विहिरीपाशी फोडते.

भाऊ उठून बसले. "फोडायचं कायले? त्याईनं काय केलं?" म्हणाले. मग सदरा शोधू लागले. म्हणाले, भरलेल्या पेट्या तुले उचलणार नाहीत, मी येतो, पेट्या भरू अन् परत येऊ, तासाचं नाव काढू नोको. मी कबूल केलं. आम्ही एकेक पेटी घेऊन निघालो. वाटेत ओळखीचा कोणी दिसला की ते पेटी खांद्यावर घेऊन तोंड झाकत होते. मला तेव्हा त्या सुर्वे मॅडमचा जितका राग आला तितका जन्मात कोणाचा आला नाही, नवऱ्याचासुद्धा नाही.

प्रयोगशाळेचं दार उघडलं तर आत वर्ग बसलेला. पहिला तास भाऊंचाच होता आणि नेहमीप्रमाणे पोरं येऊन बसली होती. टेबलावर माझे प्राणी जागच्या जागी, तोरणं वाळलेली. सगळी पोरं उभी राहिली. भाऊ दारातच पेटी धरून थांबले. मला वाटलं, हे आता मागे फिरतात. तेवढ्यात पहिल्या बाकावरचा बाळापूरचा एक मुलगा, शेतकऱ्याचा, नेहमी गप्प असायचा म्हणे, तो म्हणाला, "सर, आमच्यातल्याबी कोनीच नाही पाह्यला."

भाऊंनी पेटी खाली ठेवली. विचारलं, कोणीच नाही? सगळ्या माना हलल्या. मागून एक मुलगी म्हणाली, सिनेमात पाह्यला सर. हसू फुटलं, आणि भाऊंच्या तोंडावरही थोडं आलं. मग ते वळले आणि बाहेर गेले. मी शेवटच्या बाकावर तणस कुरतडत बसले. परत आले तेव्हा त्यांच्यासोबत सुर्वे मॅडम होत्या, रडून डोळे सुजलेले. त्या दारातूनच माफीचं बोलायला लागल्या. भाऊ म्हणाले, ते राहू द्या, तुमचं खरंच होतं. आता एक काम करा, आमाले समुद्र सांगा. आणि पहिल्या बाकावरच्या दोन पोरांना सरकवून ते त्यांच्या मधे जाऊन बसले. कोट नव्हता, पायात घरातली चप्पल होती. बाळापूरच्या पोरानं घाईघाईनं त्यांच्यापुढचं आपलं पुस्तक बाजूला केलं.

मॅडमनी खडू घेतला आणि भरती-ओहोटीची आकृती काढायला सुरुवात केली. किनाऱ्याचे तीन पट्टे, कोणत्या पट्ट्यात कोणते प्राणी. भाऊंनी हात वर केला. मॅडम गोंधळल्या. भाऊ उभे राहिले, विद्यार्थी उभा राहतो तसे.

"ते येते आमाले, मॅडम. पुस्तकात हाये. वास कसा येते ते सांगा."

मॅडमनी खडू खाली ठेवला. आधी म्हणाल्या, वास कसा सांगणार. मग सांगायला लागल्या. सुकत घातलेल्या जाळ्यांचा, ओल्या सुंभाचा, उन्हात तापलेल्या शिंपल्यांचा. भाऊंनी विचारलं, पाय टाकला की वाळू सरकते म्हणतात, म्हणजे कशी? मॅडमनी चप्पल काढली आणि फरशीवर टाच घासून दाखवली. ओहोटीच्या डबक्यात समुद्रफूल उघडतं ते त्यांनी पाचही बोटं मिटून हळूहळू उलगडून दाखवलं, आणि कोणी सावली पाडली की ते कसं झटकन मिटतं तेही. त्यांची ती बोटं मी बघत होते. आज माझी जी समुद्रफुलं लोक विकत घेतात आणि काचेत ठेवतात, ती सगळी त्या बोटांची आहेत. पुढे मी समुद्र कितीदा पाहिला तरी त्याहून चांगलं फूल मला दिसलं नाही. पोरंही मग विचारू लागली. ऑक्टोपस खातात का, मासा पाण्यात झोपतो का, सिनेमावालीनं विचारलं की खाऱ्या पाण्यानं केस खराब होतात का. मॅडम हसल्या आणि त्यांनी तेही सांगितलं.

मग भाऊंनी विचारलं, "आन् रात्री? घरात झोपल्यावर त्याचा आवाज येते?"

"येतो ना सर," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "रात्रभर येतो. इथे तो नाही, म्हणून मला आल्यापासून नीट झोपच लागत नाही."

माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही. भाऊ बाकावर कोपर टेकून, हनुवटी हातावर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले, आणि मॅडम डोळे पुसून पुन्हा सांगू लागल्या, त्यांच्या घराच्या पायरीपर्यंत पाणी येतं त्या दिवसाचं. तासाची घंटा झाली. बाहेर व्हरांड्यात दुसऱ्या वर्गांची पळापळ सुरू झाली, कोणीतरी दारातून डोकावून गेलं. भाऊंना त्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. आणि सर अजून बसलेले आहेत म्हणून त्या वर्गातलं एकही पोरगं जागचं उठलं नाही.